कात्री

परशराम हे नाव नवसाचं.
तीन मुलींनंतर आई सौंदत्तीच्या डोंगरावर
पदर पसरून आली होती.
त्या तिघींतली शेवटची मी.

वडगावात आमच्या मागांची खटखट
गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायची.
एक दिवस परशाचा माग थांबला.
सूत तुटलं नव्हतं, वीजही होती.
तो हात मांड्यांखाली दाबून बसला होता.
"अक्का, कात्री लपीव," म्हणाला,
"कुठं ते मला सांगू नको."

लपवली, ज्वारीच्या डब्यात.
मग विळी. मग नारळाचा कोयता.
आई भाकरी थापायला बसली
की हा दारातनं मागं मागं सरकायचा,
तिच्या मानेकडे बघायचं नाही म्हणून
सगळा वेळ मानेकडेच बघत.

बाबा म्हणाले, काम चुकवायलाय.
काका म्हणाले, पाच पुनवा करा.
केल्या.
ओल्या अंगानं, लिंबाचा पाला दातात धरून.
तिसऱ्या पुनवेला परडीवाल्या एका म्हातारीनं
नाव विचारलं आणि हसली,
"आईचं शीर उडवलेला तूच काय रे?"
गमतीनं म्हणाली बिचारी.
परतीच्या बसमध्ये त्यानं टॉवेलनं
स्वतःचं मनगट खिडकीच्या गजाला बांधलं.

मला बघायला निपाणीचे पाहुणे आले.
भाऊ कुठंय?
गोव्याला असतो, बाबा म्हणाले.
आतल्या खोलीत गोवा श्वास धरून बसला होता.
कुंदा खाऊन पाहुणे गेले ते गेलेच.

धारवाडला आम्ही बाबांना न सांगता गेलो.
चिठ्ठीवर कन्नडात त्याचं नाव, एक अक्षर चुकलेलं.
त्याला ते बघून बरं वाटलं असावं.
डॉक्टरीणबाईंनी मोडक्या मराठीत विचारलं.
हा गप्प.
मग एकदम कन्नडात बोलला, भरभर, खाली बघून:
माझ्या हातनं आई मरेल असं वाटतं,
दिवसातनं शंभरदा,
आणि मला ती मरायला नको आहे.
आईच्या भाषेत त्याला हे म्हणता आलं नसतं.

आई शेजारीच बसली होती.
तीस वर्षं ती शेटजीशी सुताचा हिशेब
कन्नडातनंच करत आली आहे,
हे तो त्या घटकेला विसरला,
की विसरला नव्हता, कोण जाणे.

बाई म्हणाल्या, मारणारा माणूस
कात्र्या लपवायला सांगत नाही.
ही भीती हाच आजार.
रात्रीची गोळी, आणि दर गुरुवारी येऊन बोलायचं.
वेळ लागेल.
किती, ते त्यांनी सांगितलं नाही.

कित्तूर मागं पडेपर्यंत आई बोलली नाही.
मग खिडकीबाहेर बघत म्हणाली,
"गोष्ट अर्धीच ऐकलास तू.
बाप म्हणाला, माग काय मागायचं ते.
तेव्हा पोरगं काय मागितलं?
राज्य न्हाई, धन न्हाई.
आई माघारी दे म्हणालं.
त्या अर्ध्यासाठी नाव ठेवलोय तुझं."
परशानं उत्तर दिलं नाही.
टॉवेल मात्र मांडीवरच राहिला.

आता कोनाड्यात भंडाऱ्याच्या डबीशेजारी गोळ्या असतात.
आई दोन्ही देते, आधी कुठलं हे ठरलेलं नाही.
बाबा अजून कामचुकारच म्हणतात,
पण बुधवारी रात्री तिकिटाचे पैसे
बंद मागावर ठेवलेले दिसतात.

काल आईनं ज्वारीत हात घालून कात्री काढली,
पुसली,
आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.
"झंपराचा दोरा टोचायलाय मानेला. तोड बघू."
मी चुलीपुढं. दूध वर येताना दिसत होतं,
उठता येईना.

नाही जमलं त्याला.
हात पुढं गेला, थरथरला, मागं आला.
"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "टोचू दे अजून चार दिवस."
कात्री तिनं फळीवर ठेवली, सुताच्या रिळांजवळ,
सगळ्यांना दिसेल अशी.

रात्री मी दोनदा उठून बघितलं.
कात्री तिथंच होती.
तो पण जागाच होता, फळीकडे बघत.
मला म्हणाला, "झोप अक्का."